भरावावरचे रूळ

प्रिय मेहुणेबुवा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते न वाचताच फाडणार नाहीस, या भरवशावर लिहितोय. तुझी ताई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ अजून तरतरीत आहे. रोज माझी हजेरी घेते.

मंगळवारी सकाळी इथे भूकंप झाला. चार कपबश्या फुटल्या, बाकी सगळे सुखरूप. निवृत्त झालो तरी राहवेना, म्हणून लाइनीवर गेलो. डोंगराच्या कातळावरचे रूळ जिथल्या तिथे होते. तिथून शंभर पावलांवर, जुनं तळं बुजवून घातलेल्या भरावावर, तेच रूळ हातभर बाजूला वाकलेले. बारा वर्षांपूर्वीच्या भूकंपात मालगाडी घसरली, तीच जागा. नशीब, या वेळी रूळ तपासणाऱ्या गँगने गाडी आधीच थांबवली.

माती तपासायला एक इंजिनिअर बाई आली होती, माझ्या थोरलीच्या वयाची. जमिनीत नळी ठोकून तिने खालचा गाळ वर काढला. बोट लावलं तर रुतलं. म्हणाली, "काका, कातळ जरासा थरथरतो आणि थांबतो. गाळ तोच धक्का वाढवतो, डोलतच राहतो. जिथे कातळ संपून भराव सुरू होतो, तिथे रुळांची ओढाताण होते. मग बोल्ट कितीही आवळा, रूळ वाकायचेच." मी खडीवरच बसलो. तिला वाटलं, मला भोवळ आली.

बारा वर्षांपूर्वी त्या अपघाताच्या चौकशीत तू जीव तोडून सांगत होतास की बोल्ट आवळले होते. ते मला ठाऊक होतं. आदल्याच दिवशी तुझ्यामागून जाऊन मी एकेक बोल्ट पाना लावून पाहिला होता. तरी साहेबांनी 'बोल्ट ढिले होते' असा कागद पुढे केला आणि मुकादम म्हणून मी सही ठोकली. कुणावर तरी शेकणार होतं. माझ्यावर नको, एवढंच डोक्यात होतं. तुझी नोकरी गेली. ताई तुझ्या बाजूने भांडायची, तेव्हा मी पेपर वाचत बसायचो.

काल मी ऑफिसात खरा जबाब लिहून दिला. तुला पुन्हा बोलावतील, ये. घरी येऊन ताईलाही सगळं सांगितलं. तिने कपाटावरची बॅग काढली. शनिवारी ती तुझ्याकडे येतेय. परत कधी, ते मी विचारलं नाही. तिच्या तोंडून कळण्याआधी तू हे माझ्याकडून ऐकावंस, म्हणून हे पत्र.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
दाजी