घरी विचारून सांगते

प्रिय अहो,

इतकी वर्षं तुम्हाला नावाने हाक मारली नाही, मग आता पत्रात कशाला मारू? लिहायला बसले, कारण काल टपालवाला परवाना देऊन गेला. आगीचे विमे उतरवण्याचा परवाना. त्यावर तुमचं नाव नाही, माझं आहे. मी तो उजेडात धरून पाहिला, शिक्का बोटाने घासून पाहिला. शाई निघाली नाही, तेव्हा कुठे देवापुढे ठेवला. तुम्ही म्हणाला असतात, "इंदू, आता सरकारवरसुद्धा संशय?" हो, सरकारवरसुद्धा.

विषमज्वराने तुम्ही गेलात आणि दिवसकार्य उरकतं न उरकतं तोच तुमच्या कंपनीचे साहेब साताऱ्याला आपल्या घरी हजर झाले. आईंसाठी मोसंबी घेऊन. ज्यांनी तुम्हाला कधी खुर्ची दिली नाही, ते माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"वहिनी, दादांचा परवाना आहे तसाच राहू द्या," ते म्हणाले. "फिरायचं काम माझा भाचा करील. कागदावर दादांच्या नावाने तुम्ही सही करत जा. घरात काहीतरी येत राहील."

मी विचारलं, "गेलेल्या माणसाने सही कशी करायची?"

"सगळीकडे असंच चालतं."

सगळीकडे असंच चालतं म्हणणाऱ्याकडून मी कधी वांगीसुद्धा घेतलेली नाहीत. मी म्हटलं, मग माझ्या नावाचाच परवाना काढून द्या. ते हसले. परवाना कंपनीचा असतो म्हणाले, आणि बायकांना तो मिळत नाही.

खरं की खोटं, मला काय ठाऊक? तुम्ही कधी काही सांगितलंत का? पिशवी घेऊन निघायचात, सांगलीची फेरी करून यायचात, आणि मी काही विचारलं की "तुला काय करायचंय त्याच्याशी?" एकदा म्हटलं होतं, मलाही थोडं शिकवा. तुम्ही म्हणालात, "तुझे प्रश्न ऐकून गिऱ्हाईक पळून जाईल." ते मला लागलं होतं. अजून लागतं.

विम्याच्या कायद्याचं पुस्तक मिळवलं, पण ते इंग्रजीत. शेजारच्या मास्तरांकडून ते वाचून, अर्थ लावून घेतला. मास्तर सज्जन खरे, पण साहेब त्यांनाही भेटले नसतील कशावरून? म्हणून तीच पानं पोस्टातल्या कारकुनाकडून पुन्हा वाचून घेतली. दोघांचं जुळलं, मग विश्वास ठेवला.

परवाना कुणाला मिळत नाही, ठाऊक आहे? वयात न आलेल्याला, वेड लागलेल्याला, आणि अफरातफर नाहीतर फसवणूक करून शिक्षा झालेल्याला. बाईचा उल्लेख कुठेच नाही. मास्तरांना म्हटलं, पान उलटून मागे बघा. मागेही नव्हता. आणि परवाना कंपनीचा मुळीच नसतो, तो माणसाचा असतो आणि त्या माणसाबरोबर संपतो. तो हातात असला की कुठल्याही कंपनीचं काम आणता येतं.

मग इतकी वर्षं तुम्ही त्या एका साहेबांपुढे मान खाली घालून का उभे राहिलात? तुम्हाला हे ठाऊकच नव्हतं, की ठाऊक असून भीड आड आली? आता कुणाला विचारू?

मी अर्ज केला. साहेबांना ते कळलं आणि आवाजातला गोडवा गेला. त्यांचा भाचा तुमच्या गिऱ्हाइकांकडे फिरून सांगू लागला, बाईच्या हातचा विमा आग लागल्यावर टिकायचा नाही. परवाना मिळाला आणि गिऱ्हाईकच उरलं नाही, तर तो कागद घेऊन मी काय करणार होते? आईंचं औषध, घरभाडं, सगळं त्यावरच उभं राहणार होतं.

त्यातच मागच्या आठवड्यात सांगलीच्या हमीदभाईंचा निरोप आला. तुमचे ते हळदीचे व्यापारी. पेव उघडतोय, तेव्हा येऊन जा म्हणून. मला वाटलं, यातही भाच्याचा हात असेल. तरी गेले. सर्व्हिस मोटारीत लोक एकट्या बाईकडे बघत होते, मीही त्यांच्याकडे बघत होते.

हरिपूरला नदीकाठी जमिनीत खोल खणलेली ती पेवं मी पहिल्यांदाच पाहिली. आत हळद, तोंड मातीने लिंपलेलं. गड्यांनी तोंड फोडलं आणि दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडला. तो खाली गेला आणि विझला.

"इझला," हमीदभाई म्हणाले. "आत हवा खराब हाय. आज कुणी उतरायचं न्हाई." मग माझ्याकडे वळले. "वैनी, त्यो सायबाचा भाचा आलता. वखारीतल्या हळदीचा इमा हायच, आता पेवातल्याचा बी आगीचा इमा काढा म्हंतोय. तुमचं काय म्हननं हाय?"

मी आधीच सांगितलं, परवाना अजून हातात नाही, तेव्हा मी विमेवाली म्हणून बोलत नाही. पण त्या विझलेल्या कंदिलाकडे बघून राहवेना. म्हटलं, "जिथे कंदील जगत नाही, तिथे आग कशी जगेल? पेवाला भीती पुराच्या पाण्याची, आणि आगीच्या विम्यात पाणी येत नाही. वखारीत माल असेल तेवढ्यापुरताच काढा."

हमीदभाई हसले. "दादा बी मागं हेच बोललं हुतं. पर लगीच न्हाई. ते कवाच लगीच बोलायचे न्हाईत. म्हनायचे, घरी इचारून सांगतो. आन् फुडल्या खेपंला असला सवाल घिऊन यायचे की आमी गप. आमाला वाटायचं, घरी कुणी थोरला भाऊ असंल, वकील-बिकील."

मी पुन्हा विचारलं, नक्की असंच म्हणायचे का? ते म्हणाले, "आवं, दर खेपंला."

तुम्ही जेवताना म्हणायचात, "एक माणूस हळद जमिनीत पुरतो आणि आगीला भितो. काय म्हणशील?" मला वाटायचं, घास घशाखाली उतरावा म्हणून गंमत करताय. भाकरी वाढता वाढता मी म्हणायची, "जमिनीत जाऊन आग लावणार कोण?" तुम्ही हसायचात आणि सकाळी पिशवी उचलून निघायचात.

म्हणजे इथे मी तुमच्या सांगलीच्या फेऱ्यांवर संशय घेत बसायची, आणि तुम्ही माझाच संशय पिशवीत घालून सांगलीला न्यायचात? मग मला सांगितलं का नाहीत? "इंदू, आज तुझं बोलणं कामाला आलं," एवढंच म्हणायचं होतं. मी तुमच्यावर रागावले आहे. येताना मोटारीत रडलेही. शेजारच्या बाईने विचारलं तेव्हा डोळ्यात धूळ गेली म्हणून सांगितलं.

परवाना आला की वखारीचं काम तुमचंच, असं हमीदभाई म्हणालेत. बघू. कागदावर त्यांची सही पडेपर्यंत मी काही धरून चालत नाही.

पण तुम्हाला शब्द देते. तुमच्या नावाने मी कधी सही करणार नाही, माझ्याच नावाने करीन. वखार डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही कागद लिहिणार नाही. आणि कुणी कितीही घाई केली तरी म्हणेन, घरी विचारून सांगते. त्यांना वाटू दे, घरी कुणी आहे. जेवायला बसले की तुमच्या पाटासमोर प्रश्न मांडीन. उत्तर नेहमीसारखं मलाच द्यावं लागेल. तुम्ही फक्त हसू नका, ऐकून घ्या.

तुमच्या घरची,
इंदू