शॉकप नव्हे, शॉक ॲब्झॉर्बर

८ सप्टेंबर
दमयंतीने अट घातली. कोजागरीला राजूरला, तिच्या माहेरी, ती गाडीवर मागे बसून येईल. शेवटचं एकदा. या वेळी कंबर धरली तर पुन्हा बसणार नाही.
रिटायर झाल्यावर तुला मागे बसवून देश दाखवीन, म्हणून ही टूरिंग मोटरसायकल सेकंडहँड घेतली. सहा वर्षांत राळेगणसिद्धीपर्यंत पोचलो. दोष रस्त्यांचा. थोडा मागच्या शॉक ॲब्झॉर्बरचा.

९ सप्टेंबर
गॅरेजवाला कल्याण म्हणाला, "सर, गाडी ठिवून जा. दोन तासात शॉकप बदलून देतो."
शॉकप! तीस वर्षं संगमनेरच्या पोरांना शुद्धलेखन शिकवलं. त्याला खरा शब्द सांगितला. तो बरं म्हणाला आणि परत शॉकपच म्हणाला. ज्याला वस्तूचं नाव येत नाही त्याच्या हातात वस्तू द्यायची नाही. घरीच बदलणार. चार बोल्ट तर आहेत. यूट्यूबवर अकरा मिनिटं लागतात.

१४ सप्टेंबर
नवी जोडी आली. पण पितृपक्ष चालू. नवं काम काढू नये. मी मानत नाही, दमयंती मानते.
दमयंती म्हणते, ती असं काही बोललेलीच नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
स. ७.०० शुभारंभ. पहिला बोल्ट हलला नाही.
स. ७.४० चहा.
स. ८.१५ बोल्टवर तेल सोडलं. मुरू द्यायचं.

२५ सप्टेंबर
तेल मुरतंय.

२८ सप्टेंबर
चारही निघाले. अंगठा सुजला. गाडी विटांवर उभी. जुने शॉक ॲब्झॉर्बर टाकवेनात, म्हणून घासून काळा रंग दिला. हुबेहूब नव्यासारखे दिसतात. हातात कला आहे माझ्या.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडले. शेजारी नवी जोडी. जुनीही ठेवली, इतकी वर्षं ओझं वाहिलंय. चौघांना हळदकुंकू, झेंडू. पूजेला लावलेल्या हत्याराला हात लावायचा नसतो. मग गाडी विटांवरून कधी उतरणार, असं दमयंतीने विचारलं. दसऱ्यानंतर, म्हणालो. शास्त्र आहे.

३ ऑक्टोबर
बसवले! उरलेले दोन अडगळीत टाकले. घुलेवाडीपर्यंत चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी. खड्डा आला कधी, गेला कधी, कळलं नाही. कल्याण दारातून बघत होता. म्हणाला, "सर, उजवी बाजू बसल्यावानी वाटतीय."
जळतो.

६ ऑक्टोबर, कोजागरी. दु. १२.३०. अकोले स्टँड
दमयंती इथे उतरली. कमरेवर हात ठेवून बाकावर बसली.
मी वाकून पाहिलं. डावा ठीक. उजव्याच्या रंगाचे पोपडे निघालेत, आतून तेल गळतंय. कुंकू दोघांवर सारखंच.
म्हणजे एक नवा घरी अडगळीत पडलाय.
तिला सांगितलं. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "पूजेच्या दिवशी मी विचारणार होते, यातले नवे कुठले म्हणून. म्हटलं, तुम्हाला माहीत असेल."
फार वाईट वाटलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

दु. ४.००. राजूर
ती एसटीने आली. मी मागोमाग, पूर्ण रस्ताभर. ती खिडकीशी बसली होती. झोप लागली होती तिला.

७ ऑक्टोबर
ती परतही एसटीनेच आली. मी आधी पोचलो होतो. कल्याणला फोन केला. म्हटलं, उजवा शॉकप बदलायचाय.
तो हसला नाही. फक्त विचारलं, "स्प्रिंग डबलशीटची लावू का, सर? काकू बसत्यात ना मागं?"
एकट्यापुरती लाव, म्हणालो.