शेवटच्या थांब्याजवळची वरची खोली

रविवार, १२ जानेवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. मी मजेत आहे. थंडी आहे, पण अंगावर घ्यायला भरपूर आहे, तेव्हा काळजी नसावी. तुझा गुडघा कसा आहे? हे पत्र मुद्दाम घरी न पाठवता तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. का ते पुढे लिहिते.

तू विचारलं होतंस, शाळेतल्या तुझ्या एका मैत्रिणीला शहराच्या या टोकाला खोली घ्यायचीय, तर एकट्या बाईला इथे महिना किती लागतो? परवा बसमध्ये बसून नीट हिशेब करायला घेतला. निम्मा झाला आणि झोप लागली. इथून कामावर जाणारे सगळेच बसमध्ये झोपतात. जागी झाले तेव्हा कोण कुठे चाललंय हेच क्षणभर कळेना, आणि गंमत म्हणजे त्याचं काही वाईटही वाटलं नाही.

तर तिला सांग, भाड्यात माझा पाव पगार जातो. मध्यवस्तीत तेवढ्यात न्हाणीघरसुद्धा मिळायचं नाही. विजेचं बिल थोडं, कारण आपण घरात असतोच किती? पाण्याचे वेगळे द्यावे लागतात आणि पहाटे भरून ठेवावं लागतं. भाजी स्वस्त, रस्त्यापलीकडे अजून मळे आहेत. अंडी तर मालकीणबाई हातावर ठेवतात आणि पैसे घ्यायला विसरतात. मारतो तो बसचा पास. भाड्यात आवळा द्यायचा आणि पासात कोहळा काढायचा, असा या जागेचा न्याय आहे. पहिल्या महिन्यात बादली, झाडू, बल्ब असलं काहीबाही लागतं. पडदा मात्र घेऊ नको म्हणावं. खिडकीसमोर कुणी राहतच नाही. नुसत्या अर्धवट इमारती आहेत, धुक्यात त्या पाण्यात उभ्या असल्यासारख्या दिसतात. दिवसभर कारखान्यात चष्म्याच्या काचा घासते, त्यामुळे आधी मला वाटायचं, माझ्याच डोळ्यांत दोष आहे. पण नाही. इथलं सगळंच जरा पुसट आहे. सोबत आणलेलं दुखणंही हळूहळू पुसट होतं.

पहिले काही आठवडे वाईट जातात, हेही तिला सांग. मी किटलीशी बोलायचे. मग एकदा भाजीवाल्याने विचारलं, "ताई, काल दिसला नाहीत?" त्या दिवशी मी घरी पोचेपर्यंत हसत होते.

वहिनी, आता मैत्रिणीचं पुरे.

बुधवारी कामावरून आले तर मालकीणबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "काल एक बाई वरची रिकामी खोली बघून गेल्या. नाव सांगितलं नाही. गच्चीवर बराच वेळ उभ्या होत्या. मी चहा दिला, तर बसल्या आणि मग बोलतच राहिल्या. कोंबड्यांचं, पाण्याचं, कशाचंही. जणू वर्षभर कुणी बोललंच नव्हतं त्यांच्याशी."

"पायऱ्या चढताना एक पाय जपत होत्या का?"

"हो. तुमच्या ओळखीच्या का?"

मी म्हटलं, असतील.

मला ओळख पटली तशी लाजही वाटली. मी तुझ्यापासून एका बसच्या अंतरावर, आणि माझ्याशी बोलायचं सोडून तुला परक्या बाईसमोर मन मोकळं करावं लागलं. पण तुझं तरी काय चुकलं? मी दादाची बहीण. दादा हात उगारत नाही, पीत नाही, पगार घरात देतो. तक्रार करायची तरी कुठल्या तोंडाने? तो फक्त अबोला धरतो. भाजीत मीठ कमी पडलं तर आठ दिवस. तू माहेरी एक दिवस जास्त राहिलीस तर दोन महिने. आमचे बाबाही असेच होते. आई भिंतीकडे बघून म्हणायची, "जेवण वाढलंय, ज्याला हवं त्याने यावं." तू लग्न होऊन आलीस तेव्हा मला वाटलं होतं, या हसऱ्या बाईपुढे दादाचं काही चालायचं नाही. मग एक दिवस तूही भिंतीकडे बघून बोललीस. मी नोकरीसाठी घर सोडलं असं सगळ्यांना सांगितलं, तुलाही. नोकरी नंतर शोधली.

आता शाळेच्या पत्त्याचं. काल दादाचा फोन आला. कधी करत नाही तो.

"तिच्या पर्समध्ये तुमच्याकडच्या बसचं तिकीट होतं," तो म्हणाला. "मंगळवारी तुझ्याकडे आली होती का?"

"हो, जेवूनच गेली की. बोलली नाही तुला?"

"आम्ही बोलत नाही."

आणि त्याने फोन ठेवला.

सख्ख्या भावाशी मी धादांत खोटं बोलले. त्याने विचारलंच, तर तू माझ्याकडे जेवलीस, एवढं लक्षात ठेव.

मालकीणबाईंना खोली थोडे दिवस धरून ठेवायला सांगितलीय. त्या म्हणाल्या, बोलणाऱ्या बाई येणार असतील तर मला घाई नाही. तू ये असं मी म्हणणार नाही, तो माझा भाऊ आहे. येऊ नकोस असंही माझ्याने लिहवत नाही.

नणंद म्हणून सही करायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच,

तुझी
धाकटी


रविवार, २ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. वहिनीचा गुडघा जिन्याने थोडा कुरकुरतो, तेवढंच.

काल तू थांब्यावर येऊन बसलास ते आम्ही गच्चीवरून पाहिलं. एक बस गेली, दुसरी गेली, तू उठला नाहीस. धुक्यात आधी मला बाबाच वाटले. "तो वर यायचा नाही," वहिनी म्हणाली आणि स्वतःच खाली गेली. तुझे हात हलताना दिसले, म्हणजे तू बोलत होतास. काय, ते मी विचारलं नाही. वर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "सुरुवात त्याने केली." मग चहा ठेवला आणि उकळून आटेपर्यंत तिथेच उभी राहिली.

ती लगेच परत येईल असं समजू नकोस. तिला इथे झोप लागते. सकाळी माझ्या छतावरून तिचं गुणगुणणं ऐकू येतं. किती वर्षांत ते ऐकलं नव्हतं. तुला टोचायला हे लिहीत नाही, तुला माहीत असावं म्हणून लिहितेय.

त्या दिवशी ती माझ्याकडे जेवली नव्हती, खोली बघायला आली होती. तुला तेव्हाच कळलं असावं. राग धरायचा तर धर, पण या खेपेला तोंडाने बोलून धर.

शनिवारी ये. तिने नको म्हटलेलं नाही, मी विचारून घेतलंय. खालचं दार बंद असतं. खालून हाक मार, मी उघडीन. हाक मारली नाहीस, तर मात्र उघडणार नाही.

कान देऊन बसलेली,
तुझी धाकटी