सर्वांत खालची फाईल

१४ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला. मी बरी आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी ठीक. रक्ततपासणीचं काम चालू आहे. रिपोर्ट त्याच संध्याकाळी हातात द्यायची माझी सवय तुला माहीतच आहे. बाहेर बाकावर माणसं ताटकळलेली मला बघवत नाहीत.

लेकीचे, आपल्या ‘इंजिन’चे, धावायचे बूट अजून दाराशीच आहेत. ते नाव तूच तिला ठेवलंस, पहिले बूटही तूच आणलेस.

माझी बदली झाली म्हणून तिने कॉलेज बदललं. नव्या कॉलेजकडून धावायला ती पात्र आहे की नाही, एवढंच विद्यापीठातल्या तुझ्या क्रीडा समितीने सांगायचं होतं. अकरा महिने लागले. दर पंधरा दिवसांनी तेच उत्तर: "प्रकरण विचाराधीन आहे. तयार राहा." ती तयार राहिली. शर्यतीच्या दिवशी बॅग भरून मैदानावर जायची आणि मैत्रिणींची जॅकेटं सांभाळत उभी राहायची. "आई, मी आता खुंटी झालेय," असं हसून सांगायची. मग हसणं गेलं. मग जेवण गेलं, झोप गेली. पुढे पुढे फोन वाजला की ती तो उशीखाली सरकवायची.

एकदा म्हणाली, "मामाला विचारू का गं?"

मी म्हटलं, "त्याला उगाच अडचणीत आणू नकोस."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लोकांना मी ती आजाराने गेली असं सांगते, ते खरं नाही. तिने जीव दिला. त्यानंतर नवव्या दिवशी तुमचं पत्र आलं. एकच शब्द, "पात्र". खाली तुझी सही.

तुझ्या ऑफिसातल्या टायपिस्टबाई भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब फार सरळ हो! सख्ख्या भाचीची फाईल आधी काढली असं कुणी म्हणू नये म्हणून दर बैठकीला स्वतःच्या हाताने सगळ्यांच्या खाली ठेवायचे. तिथवर पोचेपर्यंत वेळच संपायची." बाईंना वाटलं, त्या तुझं कौतुक करताहेत. मी त्यांना पाणी दिलं, दारापर्यंत सोडलं.

माझ्या चुकीची शिक्षा मी भोगतेच आहे. तुझी माझ्या हातात आहे.

तू विचारतोस, "ताई, एकदा घरी येऊ का?" मी नाही म्हणणार नाही. नाही म्हटलं की माणूस रडून मोकळा होतो. पण सख्खा भाऊ म्हणून तुला आधी घरात घेतलं, असं कुणी म्हणू नये. टेबलावर बरीच पत्रं पडली आहेत, सांत्वनाची, विजेच्या बिलांची. तुझी तिन्ही मी स्वतःच्या हाताने सगळ्यांच्या खाली ठेवली आहेत.

पंधरा दिवसांनी कळवीन. तयार राहा.

तुझी,
ताई