न तपासता दिलेली ओ

प्रिय निकिता,

पेनानं लिहिलेलं पाहून हसशील. हस. ऑफिसच्या चॅटवर सगळेच डोकावतात, म्हणून कागद घेतला. बहीण राजेश्री आजच पुण्याला निघालीय, तिच्याच हाती देतोय.

तू लिहिलेला यूएसबीचा ड्रायव्हर, माऊसबिऊस चालवणारा तो प्रोग्राम, तपासायला माझ्याकडे आलाय. तुझी नोकरी पक्की होणं या एकाच कामावर अडलंय, म्हणून तीन दिवस कोडचं तेच पान वाचत होतो आणि डोकं पार चक्रावलं होतं. नुसता माऊस जोडला तर मशीन झकास चालतं, सोबत नेटवर्कचं कार्ड बसवलं की मध्येच गोठतं. कोड बघावा तर सगळं बरोबर! बिघडलंय ते मशीन की मी, तेच कळेना.

काल आईमुळे उलगडलं. इथं गावी, ताडकळसला, आमच्या तीन घरांना एकच फाटक, एकच बेल. बेल वाजली की आधी कुणाचं माणूस आलंय ते बघायचं. आई न बघताच आतून ओरडते, "आले, आले!" आणि कामातच राहते. पाहुणा असतो काकांचा. काकांना वाटतं वहिनी फाटकाकडे गेल्या, आणि तो बिचारा बेल दाबतच राहतो. काल चौथ्या बेलला मी उठलो आणि फाटकाऐवजी लॅपटॉपकडे पळालो. आई म्हणाली, "येड लागलं का रे? माणूस उन्हात उभा हाय की!"

इंटरप्ट म्हणजे तरी काय, उपकरणानं मारलेली हाक. या मशीनमध्ये यूएसबी आणि ते कार्ड, दोघांच्या हाका एकाच तारेवरून येतात. आपला ड्रायव्हर हाक कुणाची ते न तपासताच 'घेतली' म्हणतो. मग खरी हाक वाजतच राहते आणि मशीन गुदमरतं. तपासायची ओळच कोडमध्ये नाही.

पण इतकी ढळढळीत चूक मला दिसू कशी नये? गोंधळ उलट वाढला. शेवटी जुन्या फायली उपसल्या. चूक चार वर्षांपूर्वीची निघाली, माझ्या नावावर. 'हे बघून कर' म्हणत मीच तुला ती फाइल पाठवली होती. ते पान मला बरोबर वाटत होतं, कारण ते माझंच होतं. कोड माझ्या फाइलमधून आलाय हे तुला नक्की ठाऊक असणार. तरी परवा मीटिंगमध्ये 'माझंच काही चुकलं असेल' म्हणालीस. लय राग आला तुझा, आणि भरूनही आलं.

काम नामंजूर करावंच लागलं. त्याखाली लिहिलंय, मूळ चूक शिवप्रसादची, निकितानं विश्वासानं उतरवून घेतली. सोमवारी तुझ्या नोकरीचं ठरवताना योगीराज सर तुला विचारतील, तेव्हा मला वाचवायला जाऊ नकोस, एवढंच मागायला हे पत्र. तुझी माया मला नकोय असं नाही गं. नोकरी गमावून केलेली नको.

तुझाच,
शिवप्रसाद