बाकावरचा एक जादा शब्द

२ जानेवारी, सकाळी ६.१०
आजपासून श्री. धरमसिंग राठोड यांच्यावर सूड. हा निर्णय रागाचा लवलेशही नसताना घेतला आहे. (पेनाची निब मोडली. ती जुनीच होती.)

कारण नोंदवून ठेवतो. पत्नीच्या स्मरणार्थ मी अकोल्याकडच्या मालेगावात, आमच्या वाचनालयासमोर सिमेंटचे बाक दिले. मजकूर लेखी दिला होता. 'कै. सौ. गोमतीबाई यांच्या स्मरणार्थ.' वाचनालयाचे अध्यक्ष या नात्याने धरमसिंगांनी पेंटरकडून नावाआधी एक शब्द घालून घेतला, 'चिंतनशील'. मला न विचारता! अडतीस वर्षांच्या संसारात मी तिला स्वस्थ बसलेली पाहिली नाही. आमच्या घरी चिंतन मी करीत असे.

३ जानेवारी
कोश उघडला. मूळ धातू 'चिन्त्', अर्थ विचार करणे. 'चिंता'ही त्याच धातूची. मात्र चिंतेत मन होरपळते, चिंतनात ते निवते. एकच गोष्ट मनात सावकाश फिरवीत बसणे, तिच्याकडून काहीही न मागता. अर्थात, त्यासाठी निवांतपणा हवा. गोमतीला तो नव्हताच. पहाटे पाचपासून माझी कामे असत. मुद्दा सिद्ध.

चौदा तारखेला वाचनालयात लेक्चर देणार. विषय 'चिंतन : अर्थ आणि उगम'. अध्यक्षांना पहिल्या रांगेत बसवून उगम विचारीन. त्यांना येणार नाही. मी तीस सेकंद थांबेन.

४ जानेवारी, पहाटे
सरावासाठी चिंतनास बसलो. विषय : तीस सेकंदांनंतरचा धरमसिंगांचा चेहरा. दूध उतू गेले. गॅसकडे लक्ष ठेवणे हे चिंतनशील माणसाचे काम नव्हे. पण दुसरे कोणी नाही.

६ जानेवारी
पुरावे जमवीत आहे. मुलगी मंजू हिला अकोल्याला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तुमी दुपारी झोपले की आई कुठं जाये, मालूम हाये का तुमाले?" डाळ निवडत असेल, असे मी सांगितले. हुस्नाबानोला विचारा म्हणाली आणि फोन ठेवला.

७ जानेवारी
वाचनालयाशेजारी हुस्नाबानोचे बांगड्यांचे दुकान आहे. तिने स्टूल पुढे केले. बाई रोज तीन ते चार याच स्टुलावर बसत, म्हणाली. बांगड्या घेत नसत, बोलत नसत. रस्त्याकडे पाहत, गिऱ्हाईक अंगावरून गेले तरी भान नसे. कसला विचार करीत असे, मी विचारले.

"मले काय मालूम, सर? घरी तुमाले तं सांगतच असतीन ना."

साक्षीदार शपथेवर बोललेली नाही. साक्ष बाद.

९ जानेवारी
धरमसिंगांना समक्ष बजावले. शब्द पुसा, अन्यथा चौदा तारखेला गाठ माझ्याशी. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "पुसून टाकू ना, सर. अमान पेंटर उद्याच येते. पन जागा खाली दिसन. तिथं काय लिहाचं, ते तुमी सांगा."

बिनशर्त शरणागती. शब्द उद्या देतो म्हणालो. एकतीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवली आहे.

१० जानेवारी
अमान ब्रश घेऊन हजर. 'कष्टाळू' बैलालाही लावतात. 'प्रेमळ' तालुक्यातल्या प्रत्येक बोर्डावर आहे. 'सुगरण' बाकाला शोभत नाही. त्याला उद्या ये म्हटले.

११ जानेवारी
'शांत' सुचला. म्हणजे फिरून धरमसिंगांचाच विजय. खोडला. अमान परत गेला.

१३ जानेवारी
अमान कंटाळून म्हणाला, "सर, घरी बाईले तुमी काय म्हनत होते? तेच लिवून टाकतो."

'ऐकलं का' म्हणत असे. हे त्याला सांगितले नाही.

१४ जानेवारी, दुपारी ४
लेक्चर रद्द. फळ्यावर कारण लिहिले, वक्त्याची प्रकृती. प्रकृती उत्तम आहे. अमान आलाच नाही. शब्द आहे तिथेच आहे.

धरमसिंग बाकावर बसले होते. मला पाहून थोडे सरकले. मी बसलो. तासभर त्यांनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. याबद्दल मी त्यांना कधीही क्षमा करणार नाही.