शेवटच्या कडव्यातलं नाव

आई, तुझी भजनांची वही आज पुन्हा काढली. बाबांनी त्यांच्या कागदाच्या मिलमधून आणलेल्या कागदाची, तीच. शाई अजूनही पसरते तिच्यावर. सीमेवर पुन्हा लढाई लागलीय आणि माझा नातू तिकडेच आहे. चार दिवस झाले, फोन नाही. मी थकलेय गं.

तेव्हाच्या लढाईत गुरुवारच्या भजनाला तू स्वतः रचून एक शेवटचं कडवं जोडलं होतंस. मिलच्या कॉलनीतल्या, फौजेत गेलेल्या एकेका पोराचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, 'घरी आण देवा'. पोरगं परतलं की त्याचं नाव गळायचं. महाराष्ट्रातून या हिंदी मुलखात पोटासाठी आलेली आपण माणसं, गावाकडचे देव तेवढे सोबत आणलेले. दुसरं कोण होतं इथे आपलं? शेजारच्या क्वार्टरमधल्या काकूंचा मुलगा गेल्याची तार आली. तरी चार आठवड्यांनी त्या भजनाला आल्या, नेहमीच्या जागी बसल्या, आणि तू त्याचं नाव घेतलंस. माझे टाळ थांबले. घरी येऊन मी भांडले, गेलेल्याला देव कुठून आणणार? तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "ती समोर बसेल आहे तोवर घ्यायचं. तुले काय जड होऊन राहिलं?" बाकीची नावं गळाली, ते एकच उरलं. तू जाईपर्यंत, वीस-बावीस वर्षं, तू ते घेत राहिलीस.

मग वही माझ्याकडे आली. पहिल्याच गुरुवारी मी ते नाव घेतलं नाही. काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या, चपला घातल्या, त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगितलं, विसरले.

काल इथे माझ्या घरी बायका जमल्या. सुनेचे डोळे सुजलेले. माझा हात धरून म्हणाली, "मम्मी, फोन आला तरी त्याचं नाव सोडायचं नाही हां. जब तक घर नहीं आता, तब तक घ्यायचं." मी हो म्हटलं. कडव्यात आधी काकूंच्या मुलाचं नाव घेतलं, मग आपल्या पोराचं. पहिला कोण, हे कुणालाच कळलं नाही. सून मात्र त्यालाही 'घरी आण देवा' म्हणाली.

हे पान फाडून कुठे पाठवू? वहीतच राहू दे. आई, त्या गुरुवारी मी विसरले नव्हते. मला कंटाळा आला होता.